डोंगरवाटांवरची तालीम

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला बोलण्यासाठी विषय दिला तो "डोंगरातील दुर्गम खेडी आणि तेथील माणसे" हा. असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम हिमालय उभा राहतो. बर्फाची शिखरे, दोरखंडांचे पूल, पाठीवर ओझी घेऊन चढणारे शेर्पा, दोन दोन दिवसांच्या चालीवर असलेली गावे, हे सारे आपण पुस्तकांतून वाचतो आणि पडद्यावर पाहतो. ज्यांना ऐपत आहे ते उन्हाळ्याच्या सुट्टीत सिमला-मनालीला जाऊनही येतात. त्यात वाईट काही नाही. परंतु मनालीहून परत आलेल्या आपल्याच मुलाला विचारावे की बाळ, नाणेघाट कोठे आहे, आजापर्वत कोणत्या तालुक्यात आहे, तर तो गप्प बसतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली स्थिती आहे.

म्हणून मी आज आपणांस हिमालयात नेणार नाही. शहापूर आणि मुरबाड या आपल्याच दोन तालुक्यांच्या डोंगरात नेणार आहे. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी, कधी एकटा तर कधी चार विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, मी या भागात पायी फिरत आलो आहे. मी गिर्यारोहक नाही. दोर लावून कडे चढणाऱ्यांपैकी मी नव्हे. मी एक साधा शिक्षक आहे. गावात जावे, माणसांशी बोलावे, पाणी प्यावे आणि पुढच्या पाड्याची वाट विचारावी, एवढेच मी केले. त्यातून जे शिकलो ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम या भूमीविषयी दोन शब्द. लोकल गाडीतून आसनगावला उतरलो की समोर माहुलीचा किल्ला दिसतो. उंची सुमारे ८५८ मीटर.  १६३६ साली शहाजीराजांनी मोगलांशी शेवटचा मुकाबला केला तो याच किल्ल्याच्या आश्रयाने. तेथून पूर्वेकडे डोळखांब, डेहणे या बाजूस गेलो की आजापर्वत येतो. वाल्मीकी ऋषींचा आश्रम येथे होता अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे, आणि सीतेचा पाळणा म्हणून एक जागाही ते दाखवितात. दक्षिणेस मुरबाड तालुक्यात नाणेघाट, मोरोशीचा भैरवगड, गोरखगड, सिद्धगड अशी रांगच्या रांग आहे. हा सारा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. हिमालय उंच खरा. परंतु तो वर उचलला जाण्यापूर्वी आपला हा दगड येथे होता. वयाने आपला डोंगर वडील आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या डोंगरातून वर देशावर जाण्यासाठी ज्या पायवाटा आहेत त्यांना घाटवाटा म्हणतात. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाणेघाट होय. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे गाव आहे, तेथून ही वाट चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जात असे. वर खिंडीत दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. शेजारच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला आहे. १८२८ साली कर्नल साइक्स याने तो प्रथम विद्वानांच्या नजरेस आणला. या लेखात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांची मोजदाद आहे आणि ती आकड्यांत लिहिली आहे. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या आकड्यांमध्ये या आकड्यांची गणना होते. आपली मुले वहीत जे अंक गिरवितात त्यांचे पूर्वज मुरबाडच्या डोंगरमाथ्यावर कोरलेले आहेत! गणिताच्या पुस्तकाला घाबरणाऱ्या मुलाला एकदा तेथे घेऊन जावे.

आणखी एक गोष्ट. अल्-बिरूनीसारख्या विद्वानाने कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचा उल्लेख केला आहे. अरब व्यापारी या किनाऱ्यावर उतरत, आणि त्यांच्या मालाची पुढची वाट अशाच घाटांतून होती. आपल्या कोकणी समाजातील कित्येक घरांतील वडीलधारे भात, लाकूड, गवत यांच्या व्यापारानिमित्त या पाड्यांवर बैलगाडीने जात. तेव्हा या वाटा आपल्यालाही परक्या नाहीत. आपणच त्यांना विसरलो.

आता माणसांकडे वळू. या डोंगरात ठाकर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत, शहापूरच्या उत्तर भागात वारली आहेत, आणि सपाटीवर कुणबी व आगरी शेतकरी आहेत. शहरातील माणूस या सर्वांना एकाच शब्दात "आदिवासी" म्हणून मोकळा होतो. परंतु प्रत्येकाची बोली निराळी, देव निराळे, लग्नाची रीत निराळी. ठाकरांचे पाडे बहुधा टेकडीच्या उतारावर, थोडे अंतर ठेवून. घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि त्या वर्षी सारा डोंगर जांभळा होतो. कातकऱ्यांचे नावच मुळी खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या त्यांच्या जुन्या धंद्यावरून पडले. खैर गेला, जंगलाचे कायदे आले, धंदा बुडाला. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती सरकारने अतिमागास म्हणून गणल्या आहेत त्यांत कातकरी एक आहेत. पण "मागास" हा शब्द कशाला उद्देशून आहे, हे त्या माणसांबरोबर एक दिवस चालल्याशिवाय कळत नाही.

एक उदाहरण देतो. पहिला पाऊस पडला की रानात शेवळे उगवतात. ही भाजी चवीला उत्तम. परंतु नुसती शिजविली तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालतात, म्हणजे खाज मरते. शेवळे वर येतात तेव्हाच काकडही मिळतो. पाड्यावरच्या आठ वर्षांच्या मुलीला हे ठाऊक असते. ती तुम्हांला टाकळा, कुर्डू, भारंगी, लोत, करटोली अशा भाज्या दाखविते, कोणती केव्हा खुडावी आणि कोणती मुळासकट उपटू नये हे सांगते. हीच मुलगी शाळेत येते तेव्हा आम्ही शिक्षक तिला विज्ञानाच्या पुस्तकातील पानाच्या भागांची नावे विचारतो. ती खाली मान घालून उभी राहते, आणि आम्ही तिच्या नावापुढे "ढ" असा शेरा मनातल्या मनात लिहितो.

बोलीचेही तसेच. घरी ठाकरी किंवा कातकरी बोली, आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी. मूल बोलत नाही ते बुद्धी नाही म्हणून नव्हे. त्याच्या तोंडची भाषा वर्गाच्या दाराबाहेर थांबविली जाते म्हणून. पालकहो, ही अडचण आपल्याला कोणी समजावून सांगायला हवी काय? आपल्या घरी कोकणी बोली, मदरशात अरबी, शाळेत उर्दू किंवा मराठी आणि कचेरीत इंग्रजी. आपल्या मुलांनी जे सोसले तेच पाड्यावरचे मूल सोसत आहे. म्हणून त्याची अवस्था इतरांपेक्षा आपण लवकर ओळखली पाहिजे.

या लोकांचे वन्य प्राण्यांशी वागणेही पाहण्यासारखे आहे. दिवाळीच्या आधी वाघबारस येते, तेव्हा ते वाघोबाला नैवेद्य दाखवितात. आपण त्यावर विश्वास ठेवावा असे नव्हे. परंतु ज्या जनावराबरोबर जन्म काढायचा त्याची जागा मान्य करण्याची ही रीत आहे, एवढे समजून घ्यावे. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव "आजोबा". हा आजोबा रात्री-अपरात्री चालत, रेल्वेचे रूळ आणि महामार्ग ओलांडीत, सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोहोचला. वाटेत त्याने माणसाला इजा केली नाही. वाटेवरच्या वाड्यापाड्यांतील किती जणांना तो शेजारून गेल्याचे कळले असेल? डोंगरातला शेजार असा असतो.

पाहुण्याचे स्वागत कसे करावे हेही या पाड्यांवर शिकावे. तुम्ही दारात उभे राहिलात की प्रथम नाव-गाव कोणी विचारीत नाही. प्रथम तांब्या येतो. "बसा गुरुजी, उन्हातून आलात," एवढेच शब्द. मग घोंगडी अंथरली जाते. घरात दूध नसले तरी कोरा चहा होतो. जात, धर्म, काम यांची चौकशी नंतर, तीही सहज. डेहण्याच्या बाजूस मे महिन्यात एका पाड्यावर असाच तांब्या माझ्यापुढे आला. पाणी पिऊन झाल्यावर मी सहज विचारले, "आजी, विहीर कोठे आहे?" तेव्हा त्या म्हातारीने मला ओहोळाच्या पात्रात नेले. वाळूत हातभर खोल खड्डा होता, त्यात पाणी झिरपत होते. तिची नात वाटीने ते पाणी हंड्यात भरीत बसली होती. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी घड्याळात पाहिले: तीस मिनिटे. त्यानंतर कोणाच्याही दारी पाण्याचा तांब्या हातात घेताना मी त्याचे वजन निराळे समजतो.

आता पाण्याचाच विषय निघाला आहे तर थोडे सविस्तर सांगतो. शहापूर तालुक्यात पाऊस भरपूर पडतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक. मग उन्हाळ्यात टंचाई का? एक कारण जमिनीत आहे. हा काळा दगड घट्ट असल्याने पाणी फार मुरत नाही. उतार तीव्र असल्याने चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत ओहोळाने नदीला आणि नदीने खाडीला मिळतो. दुसरे कारण माणसाने केलेले आहे. मुंबईसाठी १८९२ साली तानसा धरण झाले. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. १९८३ साली भातसा धरण पूर्ण झाले, आणि मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे आज एकट्या भातशातून जाते. या धरणांखाली शेते गेली, गावे उठली. माणसाच्या उंचीहून मोठे नळ रस्त्याच्या कडेने मुंबईकडे धावतात, आणि त्याच रस्त्यावर मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट पाहणाऱ्या बायका हंड्यांच्या रांगा लावून बसतात. "धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण येथे रोजच्या बोलण्यात आहे.

मुंबईला पाणी देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. आपलीही भावंडे, मुले मुंबईत राहतात. परंतु तेथे नळ सोडून दात घासणाऱ्या आपल्या नातेवाइकाला एवढे तरी माहीत असावे की ते पाणी कोणाच्या अंगणातून आले. हक्काचे पाणी डोंगराच्या माणसालाही मिळावे, यासाठी तेथील लोक वर्षानुवर्षे अर्ज करीत आहेत, मोर्चे काढीत आहेत. सुशिक्षितांनी त्या मागणीत आपला आवाज मिळविला तर तो वाया जाणार नाही.

रस्त्याची कथाही अशीच आहे. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली, १८६५ साली घाट चढून इगतपुरीला गेली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो याच शहापूर तालुक्यातून जातो. कसाऱ्याच्या डोंगरातून त्याचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. नागपूरहून निघालेली मोटार आठ तासांत येथे पोहोचते. आणि त्याच तालुक्यात पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून, चार जणांनी खांदा देऊन, चिखलातून पक्क्या रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. मोठे रस्ते गावावरून जातात. गावात जाणारा रस्ता निराळा असतो. देशाची प्रगती मोजताना दोन्ही रस्ते मोजावेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगेन.

आता मी माझ्या बोलण्यातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो, तो म्हणजे शिक्षण. कारण आपण शिक्षणसंस्थेच्या मांडवात बसलो आहोत.

दिवाळी झाली की कातकरीवाड्या ओस पडू लागतात. भात कापून झालेले असते, रानात काम नसते, घरात दाणा नसतो. वीटभट्टीचा मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन गेलेला असतो. ती फेडण्यासाठी नवराबायको, त्यांच्याबरोबर लहान-मोठी मुले, गाठोडी आणि कोंबड्या घेऊन भिवंडी, कल्याणच्या बाजूस भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे शाळेचे वर्ष अर्धे झाले की मूल गेले आणि वर्ष संपल्यावर आले. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे "सतत गैरहजर" असे लिहिलेले असते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. पुढे १९८२ साली श्रमजीवी संघटना स्थापन होऊन ठाणे जिल्ह्यातील अनेक वेठबिगारांची सुटका झाली. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालविल्या, म्हणजे जेथे मूल तेथे शाळा. ही मोठी कामे आहेत. तरीही उचल आणि स्थलांतर संपलेले नाही.

एका भट्टीवर मी दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीला भेटलो. आई-बाप विटा थापीत होते, ही वाळलेल्या विटा रचीत होती. मजुरी हजार विटांच्या भावाने मिळते, म्हणून मोजणी बिनचूक हवी. मी विचारले, "बाय, या थप्पीत किती विटा?" तिने लांबीच्या विटा पाहिल्या, उंचीच्या पाहिल्या, दोन बोटे हलविली आणि आकडा सांगितला. मी कागदावर गुणाकार केला. तिचा आकडा बरोबर होता. शाळेत कितवीपर्यंत गेलीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "दुसरी. मग भट्टीवर आलो." मित्रांनो, गुणाकार येणारी ही मुलगी शिक्षणाच्या हिशेबात निरक्षर आहे.

येथे कायदा काय म्हणतो ते पालकांनी आणि शाळांच्या चालकांनी नीट ऐकावे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, या सबबीवर त्याला परत पाठविता येत नाही. तेव्हा आपल्या शाळेपासून दोन मैलांवर भट्टी असेल आणि तेथील मुले विटा मोजीत असतील, तर ती मुले आपल्या वर्गात असावयास हवीत. आपल्यापैकी काहींचे व्यवसाय विटा, बांधकाम, मालवाहतूक यांच्याशी जोडलेले आहेत. त्यांना मी नम्रपणे एवढेच विचारतो: आपल्या घराची वीट कोणाच्या हाताने रचली गेली आणि त्या हातात त्या वेळी पाटी का नव्हती?

या डोंगरात शिक्षणाची भूक नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाची हकीकत ऐकावी. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावातील म्हाताऱ्या बायकांची इच्छा ऐकली. आम्हांलाही पोथी वाचता आली असती तर, असे त्या म्हणत. मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तेथे "आजीबाईंची शाळा" सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या सुमारे तीस स्त्रिया, सर्वांची गुलाबी नऊवारी लुगडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. घरची कामे आटोपून दुपारी दोन तास वर्ग. कोणाचे डोळे अधू, कोणाला ऐकू कमी येते, कोणाचा हात थरथरतो. घरी आजीचा अभ्यास नातवंडे घेतात! ज्यांनी जन्मभर कागदावर अंगठा उमटविला त्यांनी आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले. ही बातमी देशापरदेशांतील वृत्तपत्रांनी छापली.

बातमी वाचून कौतुक वाटते. पण मला त्यात दुःखही दिसते. जी गोष्ट या बायांना सहाव्या वर्षी मिळावयास हवी होती ती त्यांनी सत्तराव्या वर्षी मागितली. मधली चौसष्ट वर्षे कोणी घेतली? कोणी दुष्टाव्याने घेतली नाहीत. शाळा लांब आहे, धाकट्या भावाला सांभाळायचे आहे, मुलीला शिकून काय करायचे आहे, लग्न जमले आहे, अशा लहान लहान कारणांनी घेतली. आणि पालकहो, हीच कारणे मी डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या मोहल्ल्यातही ऐकतो. सातवी झाली, आता पुरे. हायस्कूल दुसऱ्या गावाला आहे, एस.टी.ने कशी पाठवायची. मुलगी हुशार आहे हे सर्वांना मान्य, पण नाव काढायचे ठरलेले. त्या मुलीच्या हातातली पाटी आज आपण ठेवून घेतली, तर ती तिला परत मागण्यासाठी साठ वर्षे थांबावे लागेल. सर्वच गावांना बांगर गुरुजी मिळत नाहीत.

आपल्याला असे वाटते की ज्ञान आणि त्याग मोठ्या शहरांत असतो. सिद्धगडाची हकीकत त्याला उत्तर आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना लोक भाई म्हणत, पेशाने वकील होते. चळवळीत पडण्यापूर्वी त्यांनी कर्जतच्या बाजूस शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, गरिबांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. डोंगरातील माणसांच्या आधारावर ते राहिले आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह गोळ्या झेलून पडले. वकिली सोडून ज्याने प्रथम शाळा काढली त्याच्या मागे डोंगर उभा राहिला. विद्यार्थ्यांनी या गोष्टीतील क्रम पाहावा: प्रथम शाळा आणि धान्य, नंतर लढा.

आता ज्यांना या भागात जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. एस.टी.ने जावे आणि पुढे पायी चालावे. मोटारीच्या काचेतून माणसे दिसत नाहीत. पावसाळ्यात ओढे आणि कडे यांच्याशी धाडस करू नये. वाट ठाऊक असलेला गावकरी बरोबर घ्यावा आणि त्याच्या दिवसाचा मोबदला योग्य द्यावा. घरात शिरण्यापूर्वी, फोटो काढण्यापूर्वी विचारावे. मुलांना गोळ्या-बिस्किटे उधळू नयेत. त्याने ती हात पसरायला शिकतात. त्यापेक्षा तेथील शाळेच्या गुरुजींना भेटून वह्या किंवा गोष्टींची पुस्तके द्यावीत. त्यांच्या देवाधर्माची थट्टा करू नये, जशी आपल्याची कोणी केलेली आपणांस चालणार नाही. आणि घेतलेल्या पाण्याचे मोल ओळखावे.

संस्थेला माझी एक सूचना आहे. आपल्या शाळेची सहल दरवर्षी बागेत किंवा समुद्रावर जाते. एक वर्ष ती नाणेघाटाच्या पायथ्याशी किंवा आजापर्वताच्या एखाद्या पाड्यावर न्यावी. आपली मुले आणि तेथील शाळेची मुले एक दिवस एकत्र बसावीत. आपल्या मुलांनी त्यांना पुस्तकातले चार धडे सांगावेत आणि त्यांच्याकडून रानातले चार धडे शिकावेत. कोणी कोणावर उपकार करीत आहे ही भावना त्यात नसावी. इब्न बतूता १३२५ साली तंजाहून निघाला तेव्हा तो तरुण विद्यार्थीच होता. त्याने जवळजवळ तीस वर्षे प्रवास केला आणि भेटलेल्या माणसांविषयी सांगितले, म्हणून आज आपण त्याचे नाव घेतो. आपल्या मुलांना तीस वर्षांची सवड नाही. पण एक दिवसाची आहे.

शेवटी सर्व पालकांना एकच विनंती करून मी आपली रजा घेतो. जून महिन्यात शाळा उघडतील. त्या दिवशी आपल्या घरातील मुलीचे नाव पुढच्या वर्गात आहे ना, ते पाहावे. नंतर आपल्या गल्लीत पाहावे. नंतर गावाच्या कडेच्या भट्टीवर, पाड्यावर पाहावे. जेथे एखादे मूल दप्तराशिवाय दिसेल तेथे थांबून त्याच्या आई-बापाशी दोन शब्द बोलावेत आणि त्याला शाळेच्या दारापर्यंत पोहोचवावे. डोंगरात एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याची वाट विचारली तर तेथील माणूस हाताने दिशा दाखवून थांबत नाही. तो वळणापर्यंत आपल्याबरोबर चालत येतो. तेवढे आपण एका मुलासाठी करावे.